नाशिकला आणखी रेल्वे हवी, पण ती माणसांसाठी की मालासाठी?

गोदाकाठ (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

परवा पुण्याहून येताना चाकणला सव्वा तास मोडला. मग गाडीत नेहमीचा विषय निघाला, ती नाशिक-पुणे रेल्वे कधी होणार? मेहुणा म्हणाला, "तुझ्या नातवाच्या मुंजीला." माझा मुलगा अजून आठवीत आहे. हसलो, पण घरी आल्यावर कागद-पेन घेऊन बसलोच.

नाशिक-पुणे म्हणजे २३५ किमी, १६ हजार ३९ कोटी, ताशी २०० चा वेग. हे आकडे आपल्याला पाढ्यांसारखे पाठ झालेत. तिकडे मनमाड-इंदूर मात्र सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्राकडून मंजूरही झाली. ३०९ किमी, १८ हजार ३६ कोटी, वाटेत मालेगाव, धुळे, शिरपूर, सेंधवा. दोनच महिन्यांनी जळगाव-मनमाड चौथ्या लाइनलाही होकार आला.

माझं म्हणणं असं की आपण नाशिककर कायम 'गाडी' मागतो. थांबा द्या, डबा वाढवा, वंदे भारत द्या. मालाबद्दल कोणी चकार शब्द काढत नाही. रेल्वेच्या उत्पन्नात जवळपास दोन तृतीयांश वाटा मालवाहतुकीचा आहे. आपलं स्वस्त तिकीट कोळसा आणि सिमेंट भरतं. मग लांबच्या शहरांना जोडायला नवे रूळ टाकायचेच तर ते आधी मालासाठी टाकावेत आणि त्यावर जमतील तशा प्रवासी गाड्या सोडाव्यात. चुकतोय का?

(कृपया मेट्रो निओचा, म्हणजे नाशिकसाठी घोषित झालेल्या टायरवरच्या मेट्रोचा, विषय काढू नये. बीपी वाढतं.)

खडूस_पंचवटीकर

मेट्रो निओ.

गोदाकाठ

😑

पासवाली_ताई

साफ असहमत. साडेअकरा वर्षं नाशिकरोड-मुंबई अप-डाऊन करते आहे. पहाटे साडेचारला उठते, दोन डबे भरते, सहाला घराबाहेर. रात्री दहा वाजता कुकरची शिट्टी आमच्याकडेच ऐकू येते. पासधारकांच्या डब्यात आमची डोहाळजेवणं झाली, हळदीकुंकू झाली, एकीने एमए चा अभ्यास केला. जाऊन-येऊन पावणेचारशे किमी रोजचे. आणि तुम्ही म्हणताय आधी माल?

मालगाडी लूपला (बाजूच्या रुळावर) तीन तास उभी राहिली तर कोणाचं मूल पाळणाघरात रडत बसत नाही. माझं बसतं. (बसायचं. आता दहावीत आहे.)

अंबडचा_राजा

ताईंना +१. घाटात तिसरी लाइन टाका, बाकी सगळं सोडा.

ब्रेकव्हॅन

घाटात तिसरी लाइन टाका ही मागणी मी प्रत्येक धाग्यात वाचतो. राजे, कसारा घाटात तीन लाइन आहेतच! अप, डाऊन आणि मिडल. अडचण घाटाच्या वर आणि खाली आहे. वर इगतपुरी ते मनमाड दोनच लाइन. खाली कल्याण ते कसारा, तिथे लोकल, मेल आणि मालगाडी सगळ्यांचं एकाच ताटात जेवण. तिथल्या तिसऱ्या लाइनचं काम आपण किती वर्षं ऐकतोय ते सोडा.

मी मालगाडीचा गार्ड होतो. २०२२ पासून त्याला ट्रेन मॅनेजर म्हणतात. मी निवृत्त झाल्यावर बढती दिली म्हणायची. तर घाट म्हणजे काय ते सांगतो. कसाऱ्याहून इगतपुरी १५-१६ किमी आणि तेवढ्यात सुमारे ३०० मीटर वर चढायचं. चढ ३७ ला १, म्हणजे ३७ मीटर गेलं की १ मीटर वर. पुढच्या इंजिनाला हे एकट्याने झेपत नाही, म्हणून कसाऱ्याला गाडीच्या मागे बँकर, म्हणजे ढकलणारी जादा इंजिनं, लागतात, दोन किंवा तीन. पुढचं ओढतं, मागचे ढकलतात. १८६५ मध्ये हा घाट सुरू झाला. इंजिनं बदलली, वीज बदलली, चढ तोच.

रात्री अडीचची वेळ. माझ्या डब्याच्या पाठीला बँकरचं तोंड चिकटलेलं. डबा असा थरथरतो की फळीवर ठेवलेला चहाचा कप आपोआप सरकत दाराकडे निघतो. मी कप नेहमी पायांच्या मधे धरायचो. इगतपुरीला बँकर सुटले की एकदम शांत. आणि ते सुटलेले बँकर परत खाली आणायचे म्हणजे तेवढा वेळ रूळ पुन्हा अडला.

उतरताना वेगळं नाटक. वाटेत कॅच सायडिंग आहेत. सांधा आधीपासूनच सायडिंगकडे लावलेला असतो. ड्रायव्हरने गाडी थांबवून दाखवायची, मगच मेन लाइनला रस्ता मिळतो. ब्रेक लागलेच नाहीत तर गाडी सायडिंगच्या चढावर जाऊन बसेल, दरीत नाही.

हे सगळं असताना "आणखी दहा गाड्या सोडा" म्हणणं सोपं आहे.

मिसळ_पेशल

काका, एक शंका. चढणाऱ्या गाडीला डाऊन का म्हणतात?

ब्रेकव्हॅन

कारण ती मुंबईपासून दूर जाते. मुंबईकडे जाणारी अप, मग ती दरीत उतरत का असेना. आमच्याकडे सगळ्या जगाचा शेंडा बोरीबंदरला.

मिसळ_पेशल

😂 नाशिककरांना हे आधीपासून माहीत होतं, फक्त कागदावर नव्हतं.

कांदेकर

राम राम मंडळी. मी निफाड तालुक्यातला. कांदा, टोमॅटो आणि थोडी ढोबळी मिरची.

गोदाकाठ भाऊंचं मन भरून आलं मालासाठी, बरं वाटलं. पण रेल्वेनं कांदा जातो म्हणजे कोणाचा जातो ते बघा. ऑक्टोबर २०२४ ला कांदा एक्स्प्रेस गेली लासलगाव भागातून दिल्लीच्या किशनगंजला. ४२ वाघिणी, १६०० टन. पेपरात फोटो, हार-तुरे. तो कांदा सरकारी बफर स्टॉकचा होता. सरकारनं हिशोब दिला होता की ५६ ट्रकांचा माल रेल्वेनं नेला तर ७० लाख २० हजार, रस्त्यानं ८४ लाख. म्हणजे रेकमागं (आख्ख्या मालगाडीमागं) १३ लाख ८० हजार वाचले. हिशोब खरा आहे, मी नाकारत नाही.

पण १६०० टन म्हणजे १६ हजार क्विंटल. आमच्या ट्रॉलीत २५ क्विंटल बसतो. साडेसहाशे ट्रॅक्टर एका रेकला! तेवढा माल एका दिवशी, एका प्रतीचा, एका गावाला पाठवणारा व्यापारी किती? आणि मालधक्क्यावर रेक लागली की घड्याळ सुरू. ठरलेल्या तासांत भरली नाही की डॅमरेज, म्हणजे दंड. हमाल मिळतील तेव्हा मिळतील. ट्रकचं तसं नाही. खळ्यावर उभा राहतो, गोणी भरल्या की ताडपत्री बांधली, निघाला. पटन्यात भाव पडला तर इंदूरच्या पुढं फोन करून कानपूरला वळवता येतो. वाघीण वळवता येते का फोनवर?

गणपत_वाणी

+१. शिवाय कांदा हा श्वास घेणारा माल. बंद वाघिणीत चैत्राच्या उन्हात दोन दिवस जास्त राहिला की उतरताना वासच सांगतो. कोळसा तक्रार करत नाही.

गोदाकाठ

कांदेकर, मग किसान रेल? ती तर लहान शेतकऱ्यासाठीच होती ना? देवळालीहूनच सुटली पहिली.

कांदेकर

हो, ७ ऑगस्ट २०२०. देवळाली ते दानापूर, दीड हजार किमी, बत्तीस तासांच्या आत. लॉकडाउनचे दिवस. तिच्यात मी स्वतः माल घातलाय.

आमच्या गटानं ढोबळी मिरचीचे ४० क्रेट दिले होते. तिथं हे बरं होतं की रेक भरायची अट नाही, दोन क्विंटल असला तरी घेत होते. भाड्यात निम्मी सवलत. पिकअपमधून देवळालीला नेले, धक्क्यावर पावसात उभं राहून चिठ्ठ्या चिकटवल्या, शाई पसरली म्हणून परत लिहिल्या. तिसऱ्या दिवशी तिकडून फोन, "माल बढिया है भैया." भाव इथल्यापेक्षा चांगला पडला, पैसेही आले. फक्त क्रेट आले नाहीत. ४० प्लास्टिकचे क्रेट, त्यावर आमच्या बाचं नाव रंगवलेलं. आता बिहारमध्ये कोणाच्या तरी दुकानात आमचा बा उभा आहे.

पुढं सवलत संपली आणि गाडीचं नावही ऐकू येईना. म्हणून सांगतो, मालासाठी रूळ टाकून भागत नाही. धक्क्यावर शेड, कोल्ड रूम, वेळेवर सुटणारी गाडी आणि लहान माल घ्यायची दानत, हे चारही लागतं.

पासवाली_ताई

कांदेकर भाऊ, क्रेटचं वाचून हसू आणि वाईट दोन्ही वाटलं.

टोलभैरव

एवढा खल कशाला? समृद्धी झाला की पूर्ण, ७०१ किमी, जून २०२५ ला इगतपुरी-आमणे शेवटचा टप्पाही उघडला. आठ किमीचा बोगदा मारून कसारा घाट संपवला. आता रेल्वेवर हजारो कोटी घालण्यापेक्षा ट्रक पळवा. रेल्वे एकोणिसाव्या शतकातली गोष्ट आहे.

गणपत_वाणी

चाक पंधराव्या शतकाच्याही आधीचं आहे. ट्रकला लावता ना?

नॅरोगेज

टोलभैरव, ५३-५६ ट्रकांचं काम एक गाडी करते, लोखंडी चाक लोखंडी रुळावर, वीज इथलीच. डिझेल कुठून येतं?

अवांतर: एकोणिसाव्या शतकावरून आठवलं. नाशिकरोड स्टेशन गावापासून आठ-दहा किमी लांब, त्यावर तोडगा म्हणून १८८९ मध्ये नाशिकला ट्राम होती! मेन रोडवरच्या जुन्या नगरपालिकेपासून नाशिकरोड स्टेशनपर्यंत. अडीच फुटी नॅरोगेज, सुरुवातीला घोडे ओढायचे. १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला बंद पडली. म्हणजे स्टेशन ते गाव हा प्रश्न आपण तेव्हा सोडवला होता आणि नंतर काळजीपूर्वक परत तयार केला.

खडूस_पंचवटीकर

घोड्यांची ट्राम = मेट्रो निओ, फक्त घोडे खरे होते.

गोदाकाठ

कोणीतरी याचं खातं गोठवा.

सिन्नरकर

मूळ विषयावर. नाशिक-पुणे लाइन आमच्या शिवारातून जाणार होती. मोजणी झाली, खुणा लागल्या, आमच्या भावकीत दोघांची जमीन खरेदीही झाली. एकाने त्या पैशात घर बांधलं. दुसऱ्याने विहीर खोदायची थांबवली, रेल्वे जाणारच आहे म्हणून. आता ऐकतोय, मार्ग बदलणार, शिर्डीवरून. का, तर नारायणगावजवळ दुर्बीण आहे. विहीर अजून अर्धीच आहे.

दुर्बिणीसाठी आख्खे तीन तालुके सोडायचे? काचेतून बघायचं ते जरा बाजूने बघा म्हणावं.

खगोलवेडा

सिन्नरकर, तुमचा राग रास्त आहे, विहिरीचं तर फारच. पण ती काचेची दुर्बीण नाही. खोडदची जीएमआरटी रेडिओ दुर्बीण आहे. ३० तबकड्या, प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर, काही मध्यभागी आणि बाकीच्या तीन हातांसारख्या २५ किमीच्या परिसरात पसरलेल्या. ती बघत नाही, ऐकते. अब्जावधी वर्षांपूर्वी निघालेल्या रेडिओ लहरी, इतक्या क्षीण की तुमच्या खिशातला मोबाइलही तिला गोंगाट वाटतो. विजेच्या इंजिनाचा छतावरचा पँटोग्राफ तारेला घासला की ठिणगी पडते, ती म्हणजे तिच्या कानाशी फटाका. आणि जागा निवडतानाच शांत पट्टा म्हणून तो भाग निवडला होता. दुर्बीण तिथे रेल्वेच्या प्रस्तावाच्या कितीतरी आधीपासून आहे.

थोडं वळण घेऊन, संगमनेर-मंचर न सोडता मार्ग काढता येतो का, यावर भांडा. मी तुमच्या बाजूने येतो.

सिन्नरकर

हे ऐकणारी दुर्बीण प्रकरण आज कळलं. ठीक. पण शिर्डीवरून म्हणजे पुण्याला जायचं तर उलटं पूर्वेला जायचं. अंतर वाढलं की बस बरी.

अंबडचा_राजा

पूर्वी हुतात्मा एक्स्प्रेस नाशिकरोडहून कल्याण-पनवेल फिरून पुण्याला न्यायची. नंतर ती दौंड-मनमाडवरून वळवली. जुन्या वाटेने घाट उतरायचा, घाट चढायचा. दोन डुलक्या व्हायच्या त्यात.

गणिती

सगळे वाचले. गोदाकाठ यांच्या मूळ प्रश्नात मला एक गफलत दिसते.

माल की माणसं याचं उत्तर अंतरावर आहे. ट्रक दारातून दारात जातो. रेल्वेला मात्र दोन टोकांना चढ-उतार लागतात, आणि त्याचा खर्च व वेळ अंतर कितीही असलं तरी तेवढाच. म्हणून दीड हजार किमीवर रेल्वे ट्रकला मागे टाकते, दोनशेवर नाही. आपली द्राक्षं न्हावा-शेव्याला रीफर (थंड) कंटेनरमधून रस्त्यानेच जातात ते याचसाठी. संध्याकाळी पॅकहाउसला भरला, सकाळी बंदरात.

मग नाशिक-पुणे २३५ किमीवर मालासाठी रूळ टाकून काय नेणार? सातपूरचा सुटा भाग चाकणच्या असेंब्लीला चार तासांत लागतो, तो वाघिणीची वाट बघणार नाही. ती लाइन माणसांचीच. उलट मनमाड-इंदूर बघा. मनमाडला अन्नधान्याची प्रचंड गोदामं, शेजारी पानेवाडीला इंधनाचे डेपो, उत्तरेकडून बंदराकडे येणारा माल. ती लाइन मालावर जगेल.

दुसरं, एकाच रुळावर दोन्ही कोंबणं हाच खरा रोग. मालगाडीची सरासरी ताशी २५ किमीच्या आसपास. मागून एक्स्प्रेस आली की मालगाडी लूपला. एक वेगवान गाडी काढायला दोन-तीन संथ गाड्यांची जागा जाते. पश्चिम समर्पित मालमार्ग, जेएनपीटी ते दादरी १५०६ किमी, वेगळा टाकला तो याचसाठी. दुर्दैवाने तो वसई-सुरतवरून जातो, आपल्याला लांबून टाटा करून.

ब्रेकव्हॅन

गणिती, अनुमोदन. एक भर घालतो. कसारा ते मनमाड नवी जोडलाइन टाकण्याची चर्चा आहे. चढ ३७ ला १ ऐवजी १०० ला १ ठेवला तर बँकर लागणार नाहीत. पण ३०० मीटर चढायला मग सरळ हिशोबाने ३० किमी लागतात, म्हणजे वळसे आणि बोगदे. खर्च होईल. होऊ द्या. बँकरवर दीडशे वर्षं खर्च केलाच ना?

द्राक्षबाग

गणितींच्या द्राक्षांच्या मुद्द्यावर: दोनशे किमीला ट्रक स्वस्त, हे खरं. पण निफाडला कारखान्याच्या जागेवर ड्रायपोर्टचं (जमिनीवरच्या बंदराचं) चाललंय. कस्टम इथेच झालं, पन्नास-साठ कंटेनर एकदम गाडीवर चढले, तर कमी अंतरालाही जमू शकतं. हंगामात बंदराच्या रांगेत ट्रक उभा असतो आणि रीफरचं डिझेल माझ्या खिशातून जळतं, तो वेळ कोणी धरत नाही.

गणिती

मान्य. रांगेचा वेळ मी धरला नव्हता. तरी ती गाडी रोज आणि ठरल्या वेळी सुटली पाहिजे. हंगाम तीन महिन्यांचा, बाकी नऊ महिने त्यात काय भरणार?

गणपत_वाणी

कांदा. 😀

कांदेकर

परत आमच्यावरच आलं.

मिसळ_पेशल

कोणी सिंहस्थाबद्दल बोललंच नाही? २०२७ दारात आलंय. तेव्हा माल-बिल सगळं बाजूला, माणसंच माणसं. आत्ताच सांगून ठेवतो, त्या महिन्यांत माझ्याकडे कोणीही मुक्कामाला येऊ नये. भूतकाळातल्या वर्गमित्रांनी विशेष नोंद घ्यावी.

ब्रेकव्हॅन

अवांतर: पूर्वी मुंबईकडची वीज डीसी, इकडची एसी. म्हणून इगतपुरीला प्रत्येक गाडीचं इंजिन बदलायचं. ते होईपर्यंत प्लॅटफॉर्मवर वडे, हिरवी मिरची, कडक चहा. वीज एकच झाली, थांबा आखडला, आणि वडेवाल्यांना आता गाडीच्या बरोबरीने धावावं लागतं. प्रगतीची अशीही किंमत असते.

गोदाकाठ

सगळ्यांचे आभार. मत बदलतोय, म्हणजे अर्धं.

पुण्याची लाइन मालावर जगेल हे माझं म्हणणं मागे घेतो. ती माणसांसाठीच टाकायची, आणि तिचा तोटा कोणीतरी सोसायचा हे मोकळेपणाने मान्य करूनच. मालासाठी मात्र इगतपुरी-मनमाड आणि कल्याण-कसारा सुटल्याशिवाय इंदूरहून काहीही आलं तरी मनमाडला येऊन उभंच राहणार. म्हणजे मी ज्या लाइनबद्दल कधी पत्रक वाटलं नाही, तिच्याबद्दल वाटायला हवं होतं. आणि कांदेकरांच्या चार गोष्टी. त्या नवीन रुळाआधीच करता येतील.

पासवाली ताई, तुमची गाडी आधी. पण मालाला वेगळा रूळ मिळाला तर तुमचीच गाडी वेळेवर येईल, एवढं तरी मान्य?

पासवाली_ताई

मान्य करायलाच मोबाइल काढलाय. रात्रीचे सव्वानऊ. गाडी अस्वलीला उभी आहे, आणि शेजारून मालगाडी चाललीय. मोजल्या, ५८ वाघिणी आणि मागे ब्रेकव्हॅन. दारं बंद, आत काय आहे दिसत नाही. काका, तुमच्या जागी एक तरुण पोरगा बसलाय, टॉर्च दाखवून गेला.

कांदेकर भाऊ, तुमचा कांदा असेल तर सांगा, शिव्या आवरत्या घेते.

कांदेकर

आमचा नाही ताई. आमचा चांदवडच्या टोलनाक्यावर आहे, पुढं अकरा ट्रक आहेत म्हणतोय ड्रायव्हर.